हाताने करवत घडवणे : पाते, दाते आणि मूठ

गुण्या

सप्रेम नमस्कार.

सुतारकामाचा छंद असणाऱ्या मंडळींत रंधे आणि पटाश्या यांच्याविषयी भरभरून बोलले जाते. करवत मात्र विकत आणायची आणि बोथट झाली की टाकून द्यायची, असेच आता बहुतेकांनी गृहीत धरलेले दिसते. त्याला कारणही आहे. आज दुकानात मिळणाऱ्या पुष्कळशा करवतींच्या दात्यांची टोके विजेच्या झटक्याने क्षणभर तापवून इतकी कठीण केलेली असतात की त्यांच्यावर कानस चालतच नाही, नुसती घसरते. दात्यांच्या टोकांवर काळपट निळी झाक दिसली तर ती करवत याच जातीची आहे असे खुशाल समजावे. ती नवी असताना उत्तम कापते, पण एकदा बोथट झाली की तिचे आयुष्य संपले. मला अशी करवत हवी होती की जी मी स्वतः धार लावून वापरू शकेन, आणि शोधाशोध करता करता ती घरीच घडवावी या विचारापर्यंत मी आलो. गेल्या दीड वर्षात अशा तीन करवती केल्या. पहिली फसली, दुसरी कामचलाऊ झाली आणि तिसरी रोज हातात असते. त्या अनुभवातून जे उमगले ते येथे सविस्तर मांडतो.

मी केली ती पाठीची करवत, म्हणजे पात्याच्या वरच्या कडेवर पितळेची जाड पट्टी चढवलेली, कुसू, म्हणजे सांध्यात खाचेत बसणारी लाकडाची जीभ, कापण्यासाठी वापरतात ती. पाते २५० मिमी लांब आणि ०.५ मिमी जाड आहे, पाठीखाली कापायला सुमारे ६० मिमी खोली मिळते आणि इंचाला १४ दाते आहेत. पाठ असल्यामुळे पाते इतके पातळ ठेवता येते. पाठ नसलेल्या मोठ्या हातकरवतीचे पाते साधारण ०.८ ते ०.९ मिमी ठेवावे लागते, नाहीतर रेटा देताच ते वाकते.

पात्यासाठी आधीच पाणी देऊन (म्हणजे तापवून, एकदम थंड करून आणि पुन्हा मंद तापवून) लवचीक केलेली स्प्रिंग स्टीलची पट्टी घ्यावी. पहिल्या वेळी एका दुकानदाराने पाणी दिलेली म्हणून जी पट्टी दिली ती प्रत्यक्षात मऊ निघाली, आणि ते मला १३८ दाते कानसून झाल्यावर कळले. पहिल्याच कापात पाते वाकले ते वाकलेलेच राहिले. तेव्हापासून मी पट्टी घेतानाच तिची दोन्ही टोके धरून कमान करतो आणि सोडून देतो. ती सरळ झाली तरच पैसे देतो. पट्टी कापताना ग्राइंडर वापरावा लागतो, पण कापाची रेघ आखलेल्या मापापासून २ मिमी लांब ठेवावी, वरचेवर पाणी मारावे आणि उरलेले २ मिमी कानशीने घासून काढावेत, कारण कापलेल्या कडेवर निळा रंग चढला तर ती जागा फार तापून तेथला कठीणपणा उतरलेला असण्याची शक्यता असते.

आता दाते. करवतीचा जीव येथे आहे, म्हणून येथे थोडा रेंगाळतो. दात्यांचे अंतर आखण्यासाठी मी लोखंड कापायच्या हॅकसॉचे इंचाला १४ दात्यांचे पान घेतले, ते पात्याच्या कडेला लागून चापात आवळले आणि त्या पानाच्या प्रत्येक खाचेत कानस ठेवून पात्याच्या कडेवर एकेक हलका घास दिला. एवढ्याने १.८ मिमी अंतरावर ओळीने खुणा उमटतात. मग हॅकसॉचे पान काढून टाकायचे आणि त्या खुणा त्रिकोणी कानशीने खोल करत न्यायच्या. पाते दोन जाड लाकडी फळ्यांच्या मध्ये असे धरावे की दाते फळ्यांच्या वर जेमतेम ३ ते ४ मिमी येतील. त्याहून अधिक उघडे राहिले तर पाते थरथरते, कानस किंचाळते आणि तिचे दातही लवकर झडतात.

त्रिकोणी कानशीचा कोन ६० अंशांचा असल्यामुळे दोन दात्यांमधली खाचही आपोआप ६० अंशांचीच होते. आपल्या हातात राहतो तो फक्त कल, म्हणजे दाता पुढे किती झुकलेला किंवा मागे किती रेललेला असावा हे. त्यासाठी कानशीच्या टोकावर लाकडाचा छोटा ठोकळा बसवून त्यावर एक रेघ आखली आणि ती रेघ सतत जमिनीला समांतर राहील एवढेच पाहिले. उभे, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने, चिरायच्या करवतीत दात्याची पुढची कड जवळजवळ सरळ उभी ठेवतात. मी ती ५ अंश मागे रेललेली ठेवली, आणि टोकाकडच्या ४ सेंमीमध्ये १२ अंश ठेवली, म्हणजे काप सुरू करताना करवत अडखळत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला पहिल्या करवतीने शिकवली. मी प्रत्येक दात्याच्या आकाराकडे पाहत होतो आणि शेजारच्या दात्याकडे दुर्लक्ष करत होतो. पन्नाससाठ दाते झाल्यावर दिसले की एक मोठा, एक लहान, पुन्हा एक मोठा अशी रांग झाली आहे. कानशीची एक बाजू नकळत अधिक दाबली जात होती, त्यामुळे खाच एकीकडे सरकत होती. उपाय एकच असतो. सपाट कानस सर्व दात्यांच्या माथ्यावरून लांबीच्या दिशेने फिरवायची, म्हणजे प्रत्येक टोकावर एक चकाकणारा सपाट ठिपका उमटतो. मोठ्या दात्यावर ठिपका मोठा, लहान दात्यावर लहान. मग दाते मेणबत्तीच्या काजळीने काळे करायचे, खिडकीतला उजेड समोरून घ्यायचा आणि ज्या बाजूचा ठिपका मोठा त्या बाजूला कानस दाबायची. ठिपका बाजरीच्या दाण्याएवढा होतो, मग खसखशीएवढा, आणि ज्या घासाला तो नाहीसा होतो त्या घासाला थांबायचे. एक घासही जास्त नाही. मला हे तीनदा करावे लागले आणि त्यात पात्याची ३ मिमी रुंदी खर्ची पडली.

मूठ आणि पाठ यांविषयी नंतर लिहितो. जाणकारांनी चुका दाखवाव्यात ही विनंती.

नवशिकी

फार उपयुक्त लेखन. माझे दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे हल्ली लेझरने किंवा यंत्राने दाते पाडून घेता येत असताना हाताने १३८ दाते कानसण्यात वेळ घालवावा का? दुसरा प्रश्न असा की उभ्या आणि आडव्या कापासाठी करवती वेगळ्या का लागतात? आमच्या घरी एकच करवत होती आणि आजोबा तिनेच सर्व कामे करीत असत.

गुण्या

@नवशिकी, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या लांब नळ्यांची मोळी आहे असे समजा. उभे चिरताना दाता त्या नळ्यांच्या तोंडावर येतो आणि छोट्या पटाशीप्रमाणे त्यांचे तुकडे खरवडून काढतो, म्हणून त्या दात्याची कड सरळ आडवी ठेवतात. आडवे कापताना आधी त्या नळ्या दोन्ही बाजूंनी चिरल्या पाहिजेत, नाहीतर त्या उपटल्या जातात आणि कापाच्या कडेला चिरफळ्या निघतात. म्हणून आडव्या कापाचे दाते कानसताना कानस पात्याला काटकोनात न धरता १५ ते २५ अंश तिरपी धरतात, एक दाता सोडून पुढचा असे करत सर्व दाते एका बाजूने घेतात आणि मग उरलेले दुसऱ्या बाजूने. त्यामुळे प्रत्येक दात्याला सुरीसारखे पाते येते. इंचाला १४ इतके बारीक दाते असतील तर हा फरक कमी जाणवतो. आजोबांच्या करवतीचे दाते मधल्या मापाचे असतील आणि त्यांचा हात मुरलेला असेल, म्हणून त्यांचे एकीने भागले.

यंत्राने दाते पाडून घेण्यात गैर काही नाही. दात्यांची पट्टी तयार मिळाली तर वेळ वाचतो. पण यंत्राने पाडलेले दाते धारदार नसतात, ते शेवटी कानसावेच लागतात, आणि पुढे सहा महिन्यांनी बोथट झाले की पुन्हा कानसावे लागतात. ज्याने पहिले १३८ दाते स्वतः केले आहेत त्याला ते पुढचे काम अवघड वाटत नाही, एवढाच माझा आग्रह आहे.

धातुवेडा

मी पोलादाच्या उष्णता-प्रक्रियेच्या क्षेत्रात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून पाणी देण्याच्या मुद्द्यावर थोडी भर घालतो. करवतीच्या पोलादात साधारण ०.८ ते १ टक्का कार्बन असतो. ते सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवले की काचेसारखे कठीण आणि तितकेच ठिसूळ होते. जुने लोहार तापलेल्या लोखंडाला चुंबक चिकटतो की नाही हे पाहत, कारण साधारण ७७० अंशांच्या पुढे लोखंडाला चुंबक चिकटत नाही, आणि त्याहून थोडे वर गेले की पाणी देण्याची वेळ झालेली असते. त्यानंतर ते पुन्हा मंद आचेवर तापवून ठिसूळपणा उतरवायचा. पृष्ठभाग घासून चकचकीत केला तर तापताना त्यावर रंग चढत जातात, २२० अंशांच्या सुमारास गवताच्या काडीसारखा फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. पटाशीला पिवळ्यावर थांबवतात, स्प्रिंगला आणि करवतीला निळ्यावर किंवा त्याच्याही पुढे नेतात.

हिशेब असा आहे की कानशीची कठीणता रॉकवेल मापात ६० च्या वर असते आणि चांगल्या करवतीची ५० च्या आसपास ठेवलेली असते. या दोहोंतील अंतरामुळेच करवतीला कानस लागते. करवत आणखी कठीण केली तर धार अधिक टिकेल हे खरे आहे, परंतु मग कानस लागणार नाही आणि दाते फाकवताना, म्हणजे आळीपाळीने डावीउजवीकडे कलते करताना, ते तुटतील. श्री. गुण्या यांनी वर्णन केलेल्या दुकानी करवतीत फक्त टोके कठीण आणि बाकी पाते मऊ असते, त्यामुळे ती तुटत नाही, पण पुन्हा धार लावण्याची सोय त्या निर्णयातच गमावलेली असते.

घरच्या भट्टीत अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीला पाणी देण्याचा प्रयत्न मात्र कुणी करू नये असे मी स्वानुभवाने सांगतो. मी केला होता. पट्टी तेलात शिरताच वाळत घातलेल्या पापडासारखी वेडीवाकडी झाली आणि ती सरळ करण्याच्या नादात तिचे दोन तुकडे झाले. एवढ्या पातळ पत्र्याला सपाट ठेवून पाणी देणे हे कारखान्यातल्या चालत्या भट्टीचे काम आहे.

तळकोकण

धागा वाचून वडिलांची आठवण झाली. आमच्याकडे सावंतवाडीच्या बाजूला घरे बांधताना फणसाचे आणि आंब्याचे लाकूड जागेवरच चिरत असत. ओंडका उंच माचीवर चढवायचा, एक माणूस वर उभा, एक खाली, आणि मध्ये माणसाच्या उंचीची करवत. खालच्या माणसाच्या डोक्यावर भुसा पडू नये म्हणून तो टॉवेल गुंडाळून उभा असे. दिवसभराचे काम संपले की वडील अंगणात बसून त्या करवतीला कानस लावीत, आणि आम्हा मुलांना त्या आवाजावरून आता जेवण मिळायला किती वेळ आहे ते कळत असे.

गुण्या यांनी दाते फाकवण्याविषयी अजून लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. सर्व दाते एका रेषेत ठेवले तर काप पात्याच्या जाडीएवढाच पडतो आणि थोडे आत गेल्यावर लाकूड पात्याला दोन्ही बाजूंनी आवळते. म्हणून एक दाता डावीकडे, पुढचा उजवीकडे असे कलते करतात. वडिलांकडे त्यासाठी खाच पाडलेली लोखंडी पट्टी होती. खाच दात्यावर बसवायची आणि मनगटाने किंचित कलवायचे. ते नेहमी सांगत की दात्याचा फक्त वरचा अर्धा भाग वाकवावा, मुळापासून वाकवला तर मुळाशी तडा जातो. ओल्या आणि चिकाळ लाकडाला जास्त फाकवावे लागते, कारण ओला भुसा फुगतो आणि पात्याला धरतो. वाळलेल्या सागवानाला अगदी थोडे पुरते.

आडव्या कापाच्या करवतीचे दाते एकसारखे झाले आहेत की नाही हे पाहण्याची त्यांची एक रीत होती. तिरपे कानसून आणि दोन्हीकडे फाकवून झाले की दात्यांच्या दोन रांगांच्या मध्ये एक नाजूक पन्हळ तयार होते. करवत दात वर करून थोडी उतरती धरायची आणि त्या पन्हळीत शिवणकामाची सुई ठेवायची. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत न पडता घसरत गेली तर काम झाले. एखादा दाता आत आलेला असेल तर सुई तेथेच अडते आणि तो दाता आपोआप सापडतो. लहानपणी मला तो खेळ वाटायचा. आज मी स्वतः हे करतो तेव्हा पाच-सहा वेळा सुई अडल्याशिवाय एकही करवत पार पडत नाही.

शेफील्डवासी

गेली बारा वर्षे मी इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे राहतो. ज्या प्रकारच्या करवतीची येथे चर्चा चालली आहे तिचे घर हेच शहर, म्हणून थोडी माहिती देतो. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळे करणाऱ्या कारागिराने, घड्याळाच्या स्प्रिंगसाठी चांगले पोलाद मिळत नाही म्हणून, मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतण्याची रीत येथे विकसित केली. तोपर्यंतच्या पोलादात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी असे. मुशीतले पोलाद सर्वत्र एकसारखे असल्यामुळे आणि पुढे ते लाटून रुंद पत्रे काढता येऊ लागल्यामुळे रुंद, पातळ आणि तरीही न वाकणारे पाते शक्य झाले. शहराच्या दक्षिणेला ॲबेडेल येथे विळ्यांचा जुना कारखाना संग्रहालय म्हणून जपला आहे. तेथे मुशींची मूळ भट्टी अजून उभी आहे आणि जमिनीखालच्या खोलीत उतरून तिची रचना पाहता येते. केलम आयलंड संग्रहालयात केन हॉली यांनी आयुष्यभर जमवलेला हत्यारांचा संग्रह आहे. करवतींपुढे मी प्रत्येक वेळी बराच काळ उभा राहतो.

घरी करता येणार नाही अशी एक गोष्ट येथे होत असे, ती म्हणजे पाते निमुळते करणे. मोठ्या हातकरवतीचे पाते दात्यांच्या कडेला जाड ठेवून पाठीकडे आणि टोकाकडे ते पातळ करत नेत असत. त्यामुळे दाते फार फाकवावे लागत नाहीत, काप अरुंद पडतो आणि मेहनत वाचते. हे काम वाळूच्या दगडाच्या प्रचंड फिरत्या चाकांवर चाले आणि तो वेगळाच धंदा होता. शेफील्डच्या चाकांवर घासकाम करणारे कारागीर दगडाच्या धुळीने फुफ्फुसे निकामी होऊन लवकर मरत. करवत घासणाऱ्यांची संघटना तर इतकी कडवी होती की संघटना सोडणाऱ्या एका कारागिराच्या घरात १८६६ मध्ये स्फोट घडवण्यात आला. १८६७ मध्ये सरकारी चौकशी झाली तेव्हा संघटनेचे चिटणीस विल्यम ब्रॉडहेड यांनी अशा कृत्यांमागे आपण असल्याचे स्वतः कबूल केले. जुनी निमुळती करवत हातात घेतली की मला तिच्यामागचे हे सर्व दिसते.

त्यानंतर ऐरणीवरचे काम असे. पात्याचा मधला भाग हातोडीने ठोकून अगदी किंचित ताणत, म्हणजे कडा आपोआप ताठ राहत. ताण बरोबर असलेले पाते वाकवून सोडले की ते झटकन सरळ होते आणि बोटाने टिचकी मारली की घुमते.

अमेरिकेतील करवतींचे कारखानदार हेन्री डिस्टन हे मूळचे इंग्लंडमधील ट्यूक्सबरीचे. जन्म १८१९ चा. १८३३ मध्ये ते फिलाडेल्फियाला गेले आणि १८४० मध्ये त्यांनी स्वतःचा करवतींचा धंदा सुरू केला. पुढे १८७२ पासून फिलाडेल्फियाच्याच टॅकनी भागात त्यांनी कारखाना आणि कामगारांची वस्तीच उभारली. तेव्हाच्या डिस्टन करवती, सफरचंदाच्या लाकडाच्या मुठीच्या, अजूनही लोक कानसून रोज वापरतात.

सुतारपक्षी

एक वेगळा मुद्दा मांडतो. ही सर्व चर्चा पुढे ढकलताना कापणाऱ्या करवतीची चालली आहे. जपानी करवती ओढताना कापतात. ओढताना पाते ताणले जाते, त्यामुळे ते वाकत नाही आणि पाठ नसतानाही अर्ध्या मिलिमीटरहून पातळ ठेवता येते. प्राचीन इजिप्तमधल्या तांब्याच्या आणि कांशाच्या करवतीही याच कारणाने ओढायच्या होत्या. मऊ धातूचे पाते ढकलले तर दुमडणारच. जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करणाऱ्या आपल्या सुतारांना ओढायची करवत अधिक सोयीची पडते असे मला वाटते. मग घरी करायची तर तीच का करू नये?

गुण्या

@सुतारपक्षी, आपले म्हणणे तत्त्वतः अगदी बरोबर आहे, आणि जमिनीवर बसून काम करणाऱ्याने ओढायचीच करवत घ्यावी. मी मात्र बाकावर उभा राहून काम करतो. शिवाय घरी घडवण्याच्या दृष्टीने एक अडचण आहे. जपानी आडव्या कापाच्या दात्याला तीन कडा असतात, दाते उंच आणि अरुंद असतात आणि त्यांच्यासाठी ६० अंशांची त्रिकोणी कानस चालत नाही, चाकूच्या पात्यासारखी पातळ पंखाकृती कानस लागते. तेथे दाते कानसणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याला मेताते म्हणतात, आणि त्यातही आता बदलण्याजोग्या पात्यांनी धार लावणाऱ्यांचे काम पुष्कळ कमी केले आहे. ज्याला पहिल्यांदाच करवत करायची आहे त्याने साध्या त्रिकोणी दात्यापासून सुरुवात करावी असेच मी सुचवीन.

@तळकोकण, सुईची रीत मला ठाऊक नव्हती. मनापासून आभार. माझ्या करवतीत पाते ०.५ मिमी आहे आणि दोन्ही बाजूंनी फाकवून काप ०.६५ मिमीच्या आसपास पडतो. हा आकडा व्हर्निअरने नाही, तर प्रत्यक्ष सागवानात पाडलेल्या कापात जाडी मोजायच्या पट्ट्या सरकवून घेतलेला आहे.

आता पाठ आणि मूठ. पाठीसाठी दोन वाटा आहेत. जाड पितळी पट्टीत खाच पाडून त्यात पाते बसवणे ही एक, आणि पातळ पट्टी मधोमध दुमडून तिच्या चिमटीत पाते धरणे ही दुसरी. खाचेसाठी मिलिंग यंत्र लागते, म्हणून मी दुमडण्याची वाट धरली. ३ मिमी जाडीची पट्टी आधी गॅसच्या झोतावर अंधारात मंद लाल दिसेपर्यंत तापवून मऊ केली, मग लोखंडी पट्टीभोवती हळूहळू दुमडत आणली. पितळ ठोकता ठोकता पुन्हा कठीण होते, त्यामुळे मला ते मध्ये दोनदा तापवावे लागले. पहिल्यांदा घाई केली तेव्हा दुमडीवर बारीक तडे गेले आणि पट्टी वाया गेली. पुण्यात मला ती पट्टी तांबट आळीत मिळाली. तेथल्या एका वयस्क कारागिरांनी पट्टी हातात घेऊन ती एकदा वाकवून पाहिली आणि किती वेळा तापवावी लागेल ते तोंडी सांगितले. ते तंतोतंत खरे ठरले.

मूठ शिसवाची आहे. येथे लाकडाच्या रेषांची दिशा ठरवणे हे अर्धे काम आहे. मुठीत दोन शिंगे असतात, वरचे अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यावर बसणारे आणि खालचे करंगळीखाली येणारे. रेषा उभ्या किंवा आडव्या सरळ ठेवल्या तर यांपैकी एखादे शिंग रेषेवर तुटते. म्हणून रेषा तिरप्या, पकडीच्या उतरणीला जवळजवळ समांतर जातील अशा रीतीने साचा फळीवर ठेवावा. मुठीत तीनच बोटे बसतात आणि तर्जनी पात्याच्या दिशेने पुढे रोखलेली राहते. चार बोटे बसतील एवढी मूठ केली तर करवत हातात डुलते. माझी दुसरी करवत याच चुकीने कामचलाऊ ठरली. पकड ३० मिमी जाड ठेवली होती. कानशीने आणि काचकागदाने ती उतरवत उतरवत २२ मिमीवर आली तेव्हा कुठे ती हातात विसावली.

पात्यासाठी मुठीत खाच पाडताना एक युक्ती केली. पात्याच्याच पट्टीच्या उरलेल्या तुकड्यावर न फाकवता दाते पाडले, तो तुकडा बाकावर योग्य उंचीच्या ठोकळ्यावर आडवा आवळला आणि मूठ त्यावर फिरवली. खाच पात्याच्या जाडीएवढीच पडली. पोलादाला भोके पाडण्यासाठी साधे ड्रिल चालत नाही, कार्बाइडचे टोक लागते आणि त्याला हलका दाब द्यावा लागतो. पितळी स्क्रू मी बोहरी आळीतून आणून त्यांची डोकी घासून मुठीच्या पृष्ठभागाशी सपाट केली. शेवटी जवसाच्या तेलाचे तीन हात दिले आणि प्रत्येक हातानंतर दोन दिवस वाळू दिले.

नवशिकी

दोन महिन्यांनी परत येत आहे. या धाग्यावरून मी करवत केली. दाते तयार पाडून मिळाले, पण कानसणे, फाकवणे, पाठ आणि मूठ हे सर्व माझे आहे. दोन अडचणी आहेत. करवत रेषेवर न राहता सतत उजवीकडे वळते. आणि दात्यांच्या कडेवरून एका डोळ्याने पाहिले तर मध्यभागी पाते किंचित डावीकडे फुगल्यासारखे दिसते.

तळकोकण

ताई, उजवीकडे वळते याचा अर्थ उजव्या बाजूचे दाते अधिक फाकलेले आहेत. ते पुन्हा वाकवायला जाऊ नका, तुटतील. धार लावायचा बारीक दगड पात्याच्या उजव्या बाजूला सपाट ठेवून टाचेपासून (मुठीकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत अगदी हलका एकदाच ओढा. मग वाळलेल्या लाकडात काप घेऊन पाहा. पुन्हा वळली तर पुन्हा एकदा. वडील एका वेळी एकच घास देत आणि प्रत्येक घासानंतर काप घेऊन पाहत, कारण जास्त घासले गेले तर दुसऱ्या बाजूची चाल बिघडते आणि मग सगळे दाते नव्याने फाकवावे लागतात.

गुण्या

फुगवटा पाठीमुळे आहे. आपण दुमडलेल्या पट्टीत पाते पार तळापर्यंत ठोकून बसवले असेल, तेव्हा ते आत कुठेतरी दाबले गेले आहे आणि ती जागा बाहेर फुगते आहे. पाते लाकडी चापात धरून पाठ टोकाकडच्या बाजूने लाकडी हातोडीने हलके टोले देत किंचित वर सरकवावी, मग टाचेकडून सुरू करून पुन्हा खाली बसवत आणावी, आणि प्रत्येक टोल्यानंतर दात्यांच्या कडेवरून एका डोळ्याने पाहावे. पट्टीच्या तळाशी पात्याच्या वर साधारण १ मिमी जागा रिकामी राहिली पाहिजे. पाते पाठीच्या चिमटीने धरलेले असावे, तळाला टेकलेले नसावे. माझ्या तिसऱ्या करवतीला हे सात-आठ टोल्यांत साधले. पाते सरळ झाल्यावरच तळकोकण यांनी सांगितलेला दगड फिरवावा. फुगवटा असताना दगड फिरवला तर तो मधल्या दात्यांवर अधिक घासेल.